एनसीपीएला नाटक आणि आसपासची भटकंती : रविवार कसा आखावा?

मीरा_डोंबिवली:
मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), तिथल्या एक्स्पेरिमेंटल थिएटरला एका मराठी नाटकाचा प्रयोग आहे. तिकिटं काढून झाली आहेत. आम्ही पाच जण आहोत: मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. आमच्याकडे नाटक म्हणजे सावित्रीबाई फुले कलामंदिर, फार तर ठाण्याचं गडकरी. इतक्या लांब नाटकासाठी आईबाबा पहिल्यांदाच येताहेत, म्हणून दुपारीच निघून आजूबाजूचा भागही दाखवावा असा विचार आहे.

तर प्रश्न असे. डोंबिवलीहून जायचं कसं, काय बघायचं, खायचं कुठे आणि रात्री परतताना त्रास होईल का? आईचे गुडघे दुखतात, सलग फार चालवत नाही. आणि एक मनातलं. बाबा म्हणताहेत, "तिथे सगळं इंग्रजी वातावरण, आपण कुठे जायचं तिथे?" तिथे नेहमी जाणाऱ्यांनी यावर जरूर लिहा. मी त्यांना प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

लोकलमधला_वाचक:
सगळ्यात आधी रविवारचा मेगाब्लॉक बघा. बाकी सगळं नंतर.

चर्चगेट_चाकरमानी:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मुख्य मार्गावर ब्लॉक असला तर भर दुपारी जलद गाड्या धीम्या मार्गावरून वळवतात, मग डोंबिवली ते सीएसएमटी प्रवास संपता संपत नाही. शनिवारी संध्याकाळी वेळापत्रक बघून ठेवा. ब्लॉक असेल तर सकाळी साडेनऊ-दहाच्या आत निघा, नाहीतर थेट चारनंतर.

सीएसएमटीला उतरलात की दोन पर्याय आहेत. पाच जण म्हणजे एका टॅक्सीत मावणार नाही, दोन कराव्या लागतील. त्यापेक्षा भुयारी मेट्रो घ्या. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, म्हणजे तिसऱ्याच थांब्याला उतरायचं. स्थानकांत लिफ्ट आहेत, आईंना जिने चढावे लागणार नाहीत. विधान भवनहून एनसीपीए चालत दहा-पंधरा मिनिटं. तेवढंही नको असेल तर वर येऊन टॅक्सी करा. पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांना चर्चगेटबाहेर नरिमन पॉइंटच्या शेअर टॅक्सी मिळतात, पण ती खरी ऑफिसच्या दिवसांची सोय. रविवारी तिच्या भरवशावर राहू नका.

सुगरण_सुलभा:
खाण्याबद्दल आधीच सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. नरिमन पॉइंट हा कचेऱ्यांचा भाग. सोमवार ते शुक्रवार दुपारी तिथल्या गल्ल्यांत डोसा, पावभाजी, चायनीज, फळांच्या प्लेटी, सगळं मिळतं. रविवारी त्याच गल्ल्या ओस पडलेल्या असतात, शटर खाली. "तिकडे गेल्यावर बघू" असं म्हणून गेलात तर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतील. पोटपूजा सीएसएमटीला नाहीतर चर्चगेटला उरकूनच पुढे जा. सीएसएमटीसमोर 'आराम' नावाचं हॉटेल आहे, वडापाव आणि साबुदाणा वड्यासाठी. नीट बसून जेवायचं असेल तर चर्चगेटच्या बाजूला उडुपी हॉटेलांपासून गुजराती थाळीपर्यंत सगळं आहे.

आणि मुलाला के. रुस्तमचं आइसक्रीम खिलवाच. वीर नरिमन रोडवर, ब्रेबॉर्न स्टेडियमला लागून आहे. दोन पातळ बिस्किटांमध्ये आइसक्रीमची जाड वडी देतात. हातात घेतल्या घेतल्या खायला सुरुवात करायची, बोलत बसलात की कोपरापर्यंत ओघळ.

पन्नाशीतला_प्रेक्षक:
नाटकाच्या धाग्यावर तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात वडा आला. मराठी प्रेक्षक धन्य आहे!

सुगरण_सुलभा:
@पन्नाशीतला_प्रेक्षक, मध्यंतरात वड्याच्या रांगेत पहिला नंबर कुणाचा असतो ते मला ठाऊक आहे हो, दादा. :)

विटामाती:
मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे, तेव्हा इमारतींबद्दल थोडं लिहितो.

एनसीपीए हे एकच थिएटर नाही, एका आवारात पाच आहेत. संस्था १९६९ची, जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी उभी केलेली. जमशेद भाभा म्हणजे होमी भाभांचे धाकटे बंधू. नरिमन पॉइंटच्या टोकाची ही जागा भराव टाकून मिळवलेली आहे. टाटा थिएटर १९८०मध्ये सुरू झालं. त्याचे वास्तुकार अमेरिकेचे फिलिप जॉन्सन आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. आपलं शास्त्रीय संगीत ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावं हा विचार आराखडा काढतानाच केलेला. बैठक पंख्यासारखी पसरलेली आहे, त्यामुळे हजाराच्या आसपास खुर्च्या असूनही मागच्या माणसाला गायकाचा चेहरा दिसतो.

नाटक संपवून बाहेर पडाल तेव्हा मरिन ड्राइव्हकडे तोंड करून एअर इंडियाची जुनी इमारत बघा. ती जॉन्सन यांचेच भागीदार जॉन बर्गी यांनी केली. एकाच कंपनीची दोन कामं हाकेच्या अंतरावर आहेत आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. एक आकाशात चढलेली, दुसरी जमिनीलगत पसरलेली.

जमशेद भाभा थिएटर सगळ्यात भव्य. ते पूर्ण होत आलं असताना १९९७मध्ये आगीत जळालं, पुन्हा उभं केलं आणि १९९९मध्ये सुरू झालं. आतला संगमरवरी जिना मलबार हिलच्या पेटिट हॉल या जुन्या वाड्यातून आणून बसवलेला आहे. तुमचा प्रयोग दुसऱ्या थिएटरमध्ये आहे, त्यामुळे आत जाता येईलच असं नाही. पण एखाद्या कार्यक्रमाला खास तो जिना बघायला जावं इतका देखणा आहे.

एक्स्पेरिमेंटल १९८६चं, साधारण तीनशे खुर्च्यांचं. तिथे रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात कमान नाही. खुर्च्यांची मांडणी नाटकाप्रमाणे बदलता येते.

विंगेतला_बाबू:
मी बॅकस्टेजला काम करतो. विटामाती साहेबांनी बाहेरून सांगितलं, मी आतून सांगतो.

आमचा नेहमीचा धंदा म्हणजे एका दिवसात तीन नाटकं. सकाळी अकराला एक, दुपारी साडेतीन-चारला दुसरं, रात्री साडेआठला तिसरं. तिन्हींचे सेट वेगळे, टेम्पो वेगळे. दुपारचा पडदा पडला की नटमंडळी अजून मेकअप पुसत असतात आणि आम्ही फ्लॅटांचे (सेटच्या उभ्या भिंतींचे) खिळे उपटायला लागलेलो असतो. मागच्या दाराशी पुढच्या नाटकाचा टेम्पो उभाच असतो, त्याचा ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी आत डोकावतो. या घाईत सेटची कड तुटली तर काळा कागद चिकटवतात आणि वर प्रकाश कमी करतात. चौथ्या रांगेतल्या माणसाला कळतही नाही.

एक्स्पेरिमेंटलला हे चालत नाही. प्रेक्षक इतका जवळ असतो की नटीच्या हातातल्या कपात खरा चहा आहे की नाही ते त्याला दिसतं. एकदा आमची एक लेव्हल (सेटवरचा लाकडी चौथरा) पाय पडला की कुरकुरायची. मोठ्या थिएटरात तो आवाज पोहोचलाच नसता. इथे शांत प्रसंगात नट दोन पावलं चालला तरी लोकांच्या माना वळायच्या. शेवटी लेव्हल उलटी करून प्रत्येक सांध्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले. तेव्हा कुठे ती गप्प झाली. अंधारात नटांना कड कळावी म्हणून आम्ही रेडियमच्या पट्ट्या लावतो, त्यासुद्धा तिथे नखाएवढ्या ठेवाव्या लागतात. मोठी लावली तर पहिल्या रांगेला ताऱ्यासारखी चमकते.

मीराताई, बाबांना सांगा की तिथे सेट लावणारी, लाइट टांगणारी, इस्त्री करणारी माणसं मराठीतच बोलतात. नाटक त्यांच्या हातूनच उभं राहतं.

एक महत्त्वाचं. तिथे प्रयोग वेळेवर सुरू होतो. "तिसरी घंटा झाली तरी पाच मिनिटं आहेत" हे डोक्यातून काढा. सव्वासहाला खुर्चीत असा.

केळेवाडी_गिरगाव:
सगळे इतकं कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्या गिरगावात, केळेवाडीत, साहित्य संघ मंदिराचं नाट्यगृह १९६४पासून उभं आहे. आम्ही वाडीतल्या वाडीत चपला घालून नाटकाला गेलेलो आहोत. मध्यंतरात शेजारचे काका भेटायचे, प्रयोग संपला की नाक्यावर तासभर वाद चालायचा, नटसुद्धा त्यात उभे असायचे. नाट्यगृह वस्तीत असावं लागतं. नरिमन पॉइंटला वस्तीच नाही. प्रयोग संपला की लोक गाड्यांत बसतात आणि दहा मिनिटांत रस्ता रिकामा. बोलणार कुणाशी? नाटक अर्धं खुर्चीत होतं आणि अर्धं रस्त्यावर, असं मी मानतो. त्यामुळे मीराताईंच्या बाबांना जे वाटतं ते मला पटतं. इंग्रजीचा प्रश्न नाही. तिथे आपला शेजार नाही.

भटकंती करायचीच असेल तर गिरगावात या. साहित्य संघ बघा, ऑपेरा हाउस बघा. १९११मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली वास्तू, बालगंधर्व तिथे गायलेले. बंद पडून कित्येक वर्षं धूळ खात होती, २०१६मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

तालीम_चालू_आहे:
केळेवाडीकाका, तुमच्या शब्दाला मान आहे, पण मी या बाबतीत वेगळं बोलणार. मी प्रायोगिक नाटकांत काम करते.

आम्हाला आठशे-हजार खुर्च्यांचं थिएटर परवडत नाही आणि ते आमच्या नाटकाला मानवतही नाही. आम्हाला शंभर ते तीनशे माणसांची, चांगल्या प्रकाशयोजनेची, स्वच्छ मेकअप रूमची जागा लागते. अशा जागा मुंबईत किती आहेत? सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालली, ती तरी कुठे नाट्यगृहात होती? शाळेच्या हॉलमध्ये होती. ती जागा गेली आणि प्रायोगिकवाल्यांची वणवण सुरू झाली. आज कुणी वर्सोव्याला आरामनगरच्या बंगल्यातल्या खोलीत प्रयोग करतं, कुणी माहीमला शाळेच्या वर्गात. म्हणून एखाद्या सुसज्ज जागी मराठी नाटक लागतं तेव्हा ती जागा वस्तीपासून लांब आहे म्हणून सोडून द्यायची नसते. तिथे आपली माणसं भरली तर पुढच्या वेळी आणखी मराठी नाटकं घेतली जातील. पहिल्या तीन रांगा रिकाम्या दिसल्या तर कोण बोलावणार आम्हाला?

उपनगरातल्या एका नाट्यगृहात (नाव घेत नाही) आम्ही मुली मेकअप रूमच्या दाराला ओढणी बांधून कपडे बदलत होतो, कारण कडी तुटलेली होती. वस्ती दाराशी होती, पण कडी नव्हती. मला दोन्ही हवं आहे, काका.

केळेवाडी_गिरगाव:
@तालीम_चालू_आहे, कडीचं वाचून वाईट वाटलं, पोरी. ते कुठेही होता कामा नये, गिरगावात असो की कुठे. पण माझा मुद्दा तोच आहे. अशी सोय वस्तीतल्या नाट्यगृहांत का करत नाहीत? तीनशे खुर्च्यांची एक खोली प्रत्येक विभागात का होत नाही?

तालीम_चालू_आहे:
याबद्दल तुमच्याबरोबर मोर्चालासुद्धा येईन.

निवृत्त_मंत्रालय:
मीराताईंच्या वडिलांसाठी लिहितो. माझी सगळी नोकरी मंत्रालयात गेली. ऑफिस सुटलं की पायी एनसीपीएला जात असे.

ती वास्तू आपली नाही असं त्यांना वाटत असेल तर एवढं सांगा. पु. ल. देशपांडे एनसीपीएचे मानद संचालक होते. संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी तिथे बरीच वर्षं काम केलं. महाराष्ट्रातल्या लोककलावंतांना बोलावून त्यांची कला ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं मोठं काम त्या काळात झालं. पुढे विजयाबाई मेहता तिथे कार्यकारी संचालक होत्या. 'रंगायन' या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या विजयाबाई. म्हणजे ज्या मराठी माणसांनी आपलं नाटक-संगीत समजावून घ्यायला शिकवलं, त्यांतली काही याच आवारात रोज येऊन बसत होती. मराठी नाटकांचा 'प्रतिबिंब' महोत्सवही तिथेच होतो. तिकीट काढलं की खुर्ची आपली. दारावर कुणी भाषा विचारत नाही. मी कित्येकदा पायजमा-सदऱ्यात, हातात कापडी पिशवी घेऊन गेलो आहे.

अवांतर : नरिमन पॉइंट हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या खुर्शेद फ्रामजी नरिमन यांची गोष्ट लोकांना ठाऊक नसते. १९२०च्या दशकात सरकारनं बॅकबे बुजवून जमीन काढायचा प्रकल्प घेतला होता. त्यातली उधळपट्टी आणि गैरव्यवहार या वकिलानं चव्हाट्यावर आणले. प्रकल्पावरच्या हार्वे नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो नरिमन जिंकले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. ज्या भरावाविरुद्ध ते भांडले, त्याच खाडीतल्या नंतरच्या भरावाला त्यांचं नाव आहे. नातवाला तिथे उभं करून ही गोष्ट सांगा, लक्षात राहील.

लोकलमधला_वाचक:
हे ठाऊक नव्हतं. रोज त्या भागात नोकरीला जातो. धन्यवाद, काका.

आर्ट_डेको_वेडी:
अकरा वर्षांच्या मुलासाठी माझ्याकडे खेळ आहे. दुपारी ओव्हल मैदानापासून सुरुवात करा. रविवारी तिथे एकाला एक लागून क्रिकेटचे सामने चालू असतात, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. आजीआजोबांना कुंपणालगत सावलीत बसवा. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. तो १८७८मध्ये पूर्ण झाला, प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव मनोऱ्याला लागलं. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या, आर्ट डेको या वास्तुशैलीच्या इमारतींची रांग. मधल्या मैदानामुळे दोन्ही काळ समोरासमोर दिसतात. याच समूहाला २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

आता खेळ. मुलाला वही-पेन्सिल द्या आणि एवढ्या गोष्टी शोधून काढायला सांगा: खिडकीवर भुवईसारखे आलेले छज्जे, जहाजाच्या कठड्यासारखी बाल्कनी, गोल वळवलेला कोपरा, फाटकाच्या जाळीत उगवता सूर्य, आणि इमारतीच्या नावाची जुन्या वळणाची अक्षरं. तेवढ्यासाठी ओव्हलची बाजू आणि चर्चगेटहून समुद्राकडे जाणारा वीर नरिमन रोड पुरतो. शेवटी मरिन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर सूना महाल येतो, १९३७चा, वर मनोरा असलेला. बाकीच्या इमारती बघायच्या राहिल्या तरी तो बघायचा. माझ्या भाच्यानं या खेळात मला मागे टाकलं. एका फाटकावरचं गोठलेल्या कारंज्याचं नक्षीकाम त्यानं दाखवलं, जे मी त्याच रस्त्यानं जाताना कधी पाहिलं नव्हतं.

पन्नाशीतला_प्रेक्षक:
वही मलाच हवी आहे.

मीरा_डोंबिवली:
किती सुंदर प्रतिसाद! बाबांना निवृत्त_मंत्रालय काकांचा वाचून दाखवला. पु.लं.चं नाव ऐकल्यावर म्हणाले, "मग कपाटातला सदरा काढ." :)

ओव्हल ते मरिन ड्राइव्ह एवढं आईला चालवेल का? आणि सूर्यास्त किती वाजता गाठावा?

चर्चगेट_चाकरमानी:
ओव्हल ते सूना महाल फार नाही, पण त्यांना बसत बसत न्या. तिथून एनसीपीएपर्यंत मात्र चालवू नका, टॅक्सी करा. मरिन ड्राइव्हचा कट्टा बसायला चांगला आहे, पण उंच आहे, पाय लोंबकळतात आणि गुडघेदुखीवाल्यांना उठताना त्रास होतो. घडीची छोटी खुर्ची असेल तर आणा, लाजू नका.

भरतीओहोटी:
सूर्यास्ताचं मी सांगतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तुमचं नाटक साडेसहाला. याहून चांगला योग नाही. पावणेसहाला मरिन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला, एनसीपीएच्या बाहेरच, कट्ट्यावर असा. समोर पाण्यापलीकडे वाळकेश्वरचं टोक आणि राज्यपालांच्या निवासस्थानाची झाडी दिसते. जूनमध्ये सूर्य त्या टोकाच्या जवळ बुडतो, डिसेंबरात बराच डावीकडे, थेट उघड्या समुद्रात. मग दिवे लागायला सुरुवात होते, ते गिरगाव चौपाटीपर्यंत वळत गेलेले दिसतात. तेवढं बघून आत जायला पाच मिनिटं पुरतात.

कट्ट्यापलीकडच्या सिमेंटच्या त्रिशूळी ठोकळ्यांवर मुलाला उतरू देऊ नका. शेवाळ असतं आणि मधल्या फटी खोल असतात. पावसाळ्यात मोठ्या भरतीला तर त्या बाजूला फिरकूच नये.

दोन_तंबोरे:
टाटा थिएटरबद्दल एक भर. विटामातींनी ध्वनिक्षेपकाशिवायचं लिहिलं ते खरं, पण आज तिथले बरेच कार्यक्रम ध्वनिक्षेपक लावूनच होतात. क्वचित एखादी बैठक तशी होते तेव्हा ती चुकवू नये. सुरुवातीला आवाज लहान वाटतो, प्रेक्षक अस्वस्थ होतात, खुर्च्यांचा आवाज येतो. मग पाचेक मिनिटांत सगळे आपोआप गप्प होतात, कान रुळतात आणि तंबोऱ्याच्या तारेवर बोट सुटल्याचासुद्धा आवाज येतो. गायकानं मान वळवली की सूर वळल्याचं कळतं. मोठ्या स्पीकरांना सरावलेल्या कानांना हा अनुभव द्यायला हवा. शेजारच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की चॉकलेटचा कागद वाजवू नकोस.

विटामाती:
@दोन_तंबोरे, बरोबर. थिएटर गप्प असेल तरच ते चालतं. ती वास्तू प्रेक्षकाकडूनही शिस्त मागते.

कांदिवलीचा_कान्हा:
आमच्यासारख्या पश्चिम उपनगरवाल्यांनी काय करावं? नरिमन पॉइंट म्हणजे रविवार संपला. त्यापेक्षा जुहूचं पृथ्वी थिएटर बरं. १९७८पासून चालू आहे, छोटं, तिन्ही बाजूंना प्रेक्षक, बाहेर चहा घेऊन बसायला अंगण आणि चार पावलांवर समुद्र. मराठी प्रयोग कमी लागतात हे खरं.

तालीम_चालू_आहे:
पृथ्वीला आम्ही मराठी नाटक केलं तेव्हा प्रेक्षकांत निम्मे अमराठी होते आणि हशे अगदी योग्य जागी येत होते. जरूर जा. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिरही २०२५मध्ये नव्या रूपात उघडलं आहे. मेट्रोचं सिद्धिविनायक स्थानक जवळ, दर्शन आणि नाटक एकाच फेरीत होतं. केळेवाडीकाका, तिथे मिनी थिएटर आहे. वस्तीत आहे!

केळेवाडी_गिरगाव:
चांगली गोष्ट आहे. अशी आणखी दहा करा, मी गप्प बसेन.

एक_प्रश्न_आहे:
बांद्रा-कुर्ला संकुलात २०२३मध्ये उघडलेल्या अंबानींच्या सांस्कृतिक केंद्राबद्दल कुणी लिहिलं नाही? दोन हजार खुर्च्यांचं थिएटर आहे म्हणे.

विंगेतला_बाबू:
आहे. तांत्रिक सोय डोळे दिपवणारी आहे. मोठ्या संगीतिकांसाठी उत्तम. पण दोन पात्रांचं नाटक दोन हजारांपुढे करायचं म्हणजे नटाचा चेहरा मागच्याला ठिपका दिसणार. नाटक कुठलं आहे ते आधी बघायचं, मग थिएटर ठरवायचं.

मीरा_डोंबिवली:
मंडळी, आम्ही जाऊन आलो. तुमच्यामुळे दिवस फार छान गेला म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लॉक होता. लोकलमधला_वाचक यांचे आभार, आम्ही सकाळी लवकर निघालो. मेट्रोत आई प्रत्येक स्थानकाची पाटी मोठ्यानं वाचत होती. ओव्हलवर बाबांनी एका सामन्याचा निकाल लागेपर्यंत हलायला नकार दिला. मुलानं वहीत सात फाटकांची चित्रं काढली. सूना महालाचा मनोरा त्याला अंतराळयानासारखा वाटला. के. रुस्तमला आईनं आल्याचं आइसक्रीम घेतलं आणि कुणालाही चव दिली नाही.

सूर्यास्त भरतीओहोटी म्हणाले तसाच, थेट पाण्यात. कट्टा आईला खरंच उंच पडला. घडीची खुर्ची नेली होती. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलींनी त्यांच्या फोटोसाठी ती दोन मिनिटं मागून घेतली.

नाटकाबद्दल वेगळं लिहीन. एवढंच सांगते, मध्यंतरात बाबा आवारात उभे होते आणि शेजारच्या गृहस्थांशी बोलायला लागले. ते पारशी, ग्रँट रोडचे. त्यांना मराठी नाटकं आवडतात, पण त्यांचं म्हणणं होतं की पहिल्या अंकातला एक संवाद त्यांना समजला नाही. बाबांनी तो समजावून सांगितला, मग त्यावरून दोघांचा वाद झाला की नायिका खोटं बोलते आहे की नाही. घंटा झाली तरी दोघं दारात बोलत होते. केळेवाडीकाका, शेजार सापडतो तिथेही, शोधावा लागतो एवढंच. पण तुमचं म्हणणंही खरं आहे. प्रयोग संपल्यावर बाहेर चहाची एक टपरी असती तर ते दोघं अजून तासभर बोलले असते.

केळेवाडी_गिरगाव:
वाचून आनंद झाला. बाबांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी साहित्य संघात या, चहा माझ्याकडून. आणि त्या पारशी गृहस्थांनाही घेऊन या, ग्रँट रोड आमच्या शेजारीच आहे.

निवृत्त_मंत्रालय:
नायिका खोटं बोलते का, याचा निकाल काय लागला?

मीरा_डोंबिवली:
@निवृत्त_मंत्रालय, नाही लागला, काका. बाबा अजून म्हणताहेत की ती खरं बोलते. आई म्हणते, बायकांना विचारा.

लोकलमधला_वाचक:
परतीचं लिहिलं नाहीत. रात्री गाडी कशी मिळाली?

मीरा_डोंबिवली:
नऊच्या आत बाहेर पडलो. टॅक्सीनं सीएसएमटी, तिथून सुटणारी गाडी असल्यामुळे सगळ्यांना बसायला जागा. मेट्रोही चालू होती, पण आई दमली होती. ज्यांचं नाटक रात्री उशिरा संपणार आहे त्यांनी मेट्रोची शेवटची वेळ आधी बघावी, साडेदहानंतर ती धरू नये.

एक_प्रश्न_आहे:
पुढच्या महिन्यात माझे सासरे येताहेत, ते चाकाच्या खुर्चीवर असतात. तिथे सोय आहे का?

विंगेतला_बाबू:
तिकीट काढण्याआधी बॉक्स ऑफिसला फोन करून सांगा, कुठलं थिएटर आणि किती जण ते. कडेची जागा मागून घ्या. आणि अर्धा तास आधी पोहोचा, गर्दी व्हायच्या आत बसवता येतं.